सरकणारा काठ : जळगाव-धुळ्याचे तलाव आणि आपला मोकळा वेळ

आजचा विषय तसा हलका वाटेल. जळगावची माणसं मेहरूण तलावावर फिरायला जातात, धुळ्याची नकाणे तलावाकडे. यात व्याख्यान देण्यासारखं काय आहे? आहे. कारण सुशोभीकरण म्हटलं की ट्रॅक, बोटी, दिवे सगळं आठवतं आणि एक गोष्ट आपण न बोलता गृहीत धरतो, की पाणी वर्षभर एकाच जागी थांबणार. खानदेशात ते थांबत नाही.

साधा हिशोब करू. जळगावला वर्षाकाठी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, धुळ्याला त्याहून कमी, आणि तोही चार महिन्यांतच उरकतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. अशा उन्हात, वर कोरडा वारा सुटला की उघडं पाणी नुसत्या बाष्पीभवनाने रोज सेंटीमीटरभर उतरतं. मार्च ते मे धरा, जवळपास १ मीटर गेलं. पिण्यासाठी उपसलेलं पाणी वेगळंच. नकाणे तलाव तर धुळे शहराला पाणी पुरवणारा. आता काठाचा उतार मंद असला, म्हणजे ५० मीटर आत चालल्यावर कुठे १ मीटर खोली लागत असली, तर पातळी १ मीटर उतरली म्हणजे पाणी ५० मीटर आत सरकलं. दिवाळीत पाण्याला लागून असलेला ट्रॅक मे महिन्यात चिखलाच्या कडेला उभा राहतो. मग ओरड होते, तलाव आटला, खोल करा. पोकलेन येतं आणि काठ उभा कापला जातो. बरं, गाळ काढणं वाईट नाही. साठवण वाढते, शेताला माती मिळते. प्रश्न तो कुठून आणि कसा काढला याचा आहे.

कारण सगळी गंमत काठावरच असते. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी बदकं घ्या. थापट्या किंवा तलवार बदक बुडी मारत नाही. डोकं खाली, शेपूट वर करून, मान पोहोचेल तेवढ्याच खोलीवर ते खातं. शेकाट्याला तर वीतभर पाणी पुरे, त्याचे लाल पाय तेवढेच लांब! काठ उभा केला की या मंडळींचं ताट उचललं जातं. बुडी मारणारे वारकरी आणि टिबुकल्या राहतात, बाकीचे पुढे जातात. भुसावळ तालुक्यात, तापी-पूर्णेच्या पाण्यावरच्या हतनूर धरणाकडे दुर्बिणी घेऊन माणसं जातात ती अशाच उथळ, मोकळ्या काठांसाठी. तिथे कारंजं कुणी शोधत नाही.

दुसरी बाब पक्ष्यांची नाही, पोरांची आहे. मंद उताराच्या तलावात पाय टाकला की खोली कळत जाते. खणलेल्या खड्ड्यात तसं होत नाही. पावसाळ्यात खड्डा आणि उथळ भाग वरून सारखाच गढूळ दिसतो, आणि गुडघाभर पाण्यातला पोरगा पुढच्या पावलाला बुडतो. ‘पोहण्यास मनाई’ची पाटी त्याला वाचवत नाही, उतार वाचवतो.

कायदा सांभाळून घेईल असं कुणी म्हणेल. पाणथळ जागांचे २०१७ चे नियम पाहा. पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी खास बांधलेले तलाव पाणथळीच्या व्याख्येतूनच वगळलेत. आपल्या भागातले बरेचसे तलाव मुळात बांधलेले. म्हणजे काठाचं काय करायचं हे पुष्कळसं महापालिका ठरवणार, आणि तिला सांगणार आपण.

तसं पाहिलं तर आपल्याकडे मोकळ्या हवेतली करमणूक ऋतूप्रमाणेच चालत आलीय. श्रावणात कानबाईला निरोप द्यायला वाजतगाजत पाण्यावर जायचं, भाद्रपदात गणपती. थंडी पडली की कुणाच्या तरी मळ्यात भरीत पार्टी : बामणोदची वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजायची, सोबत कळण्याची भाकरी. त्याच दिवसांत मेहरूणची बोरं. उन्हाळ्यात दुपारी घराबाहेर पडायची सोयच नाही, फिरणं काय ते पहाटे नाहीतर दिवेलागणीनंतर. सिमेंटच्या बाकापेक्षा कडुनिंबाचं झाड इथे जास्त कामाचं, असं आमचं सरळ मत आहे.

म्हणून तलावाचा आराखडा आला की त्यावर दोन रेघा मागाव्यात, ऑक्टोबरच्या पाण्याची आणि मेच्या पाण्याची. या दोहोंमधला पट्टा मोकळा ठेवायचा, ट्रॅक ऑक्टोबरच्या रेघेच्या बाहेर, झाडांखालून न्यायचा. पक्का घाट हवाच, पण एका बाजूला. विसर्जन तिथेच, बोटी असल्या तर त्याही तिथूनच. गाळ काढायचा तो मधल्या भागातून, आणि मशिन बाहेर पडण्याआधी खड्ड्यांच्या कडा उतरत्या करून घ्यायच्या. दिवे ट्रॅककडे तोंड करून, खाली झुकवलेले. पाण्यावर झोत नको, रात्री तिथे बदकं चरत असतात.