सायकलला रस्ता, तोही आपल्या वस्तीतून

सायकल ट्रॅक म्हटले की हेल्मेट घालून रविवारी फेरफटका मारणारी मंडळी डोळ्यांपुढे येतात. पण पोटासाठी सायकल कोण मारतो? पहाटे पेपर टाकणारा पोरगा, बांधकामावर जाणारा गवंडी, रात्रपाळीचा वॉचमन. सायकल ही कष्टकऱ्याची गाडी आहे. तिला रस्ता मात्र नाही.

दक्षिण अमेरिकेतील कोलंबियाच्या राजधानीत, बोगोटात, हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवला गेला. १९९८ ते २००० या काळात एन्रिके पेन्यालोसा तेथे महापौर होते. त्यांनी बोसा, केनेडी या गरीब भागांतून पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी रुंद, पक्का रस्ता काढला. नाव ‘एल पोर्वेनिर’, म्हणजे येणारा काळ. शेजारचा मोटारींचा रस्ता कच्चाच राहिला. कारण साधे होते: तिथल्या बहुतेक घरांकडे मोटार नव्हतीच. तीस डॉलरच्या सायकलवरचा नागरिक तीस हजार डॉलरच्या मोटारीतल्या नागरिकाइतकाच महत्त्वाचा, असे पेन्यालोसा सांगत. त्याच भागात कचरा प्रक्रियेच्या जुन्या इमारतीचे एल टिंटल हे सार्वजनिक ग्रंथालय झाले. सायकलचा रस्ता तिथवर जातो.

आपल्याकडे उलटे घडते. सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या पुण्यातही ट्रॅक मध्येच तुटतात, त्यांवर गाड्या लागतात. जो ट्रॅक घरापासून शाळेपर्यंत किंवा कामापर्यंत पोचत नाही, तो कागदावरच राहतो.

यात आरोग्याचा लाभ मोठा आहे. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कामाला जाताना १५ मिनिटे सायकल, येताना १५ मिनिटे. पाच दिवसांत १५० मिनिटे भरली. जिमची फी नाही, वेगळा वेळ काढणे नाही. शिवणयंत्रावर, रिक्षात किंवा गेटवरच्या खुर्चीत दिवस काढणाऱ्यांना याची फार गरज आहे. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकाराचा धोका त्याने कमी होतो. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे आणि खिशात थोडी साखर ठेवावी.

मग सुरुवात कशी करायची? विहारात बैठक घेऊ. सकाळी ६ ते ९ नाक्यावर उभे राहून सायकली आणि पायी जाणारी माणसे मोजू. महिला आणि मुले वेगळी लिहू. वस्तीपासून शाळा, दवाखाना, बस थांबा येथपर्यंतचा नकाशा हाताने काढू. गटारावर झाकण, रात्री दिवे आणि मोटारी आत शिरू नयेत म्हणून खांब, हे अर्जात लिहू. एक अट ठळक लिहू: ट्रॅकसाठी एकही घर हलणार नाही. जागा मोटारींच्या पार्किंगमधून काढावी, आपल्या भिंतीतून नाही. अर्ज वॉर्ड ऑफिसात देऊन शिक्क्याची पोच घेऊ. उत्तर आले नाही तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहेच.

निधी नाही, असे ऐकायला मिळेल. तेव्हा याच वॉर्डात मोटारींच्या रस्त्यांवर वर्षाला किती खर्च झाला ते विचारू आणि मोजणीची वही समोर ठेवू. त्यासाठी पहिली मोजणी या सोमवारीच करू. एक वही, एक पेन आणि नाक्यावर उभी राहणारी दोन माणसे पुरेशी आहेत.