फालसा: छाटणीवर फळणारे झुडूप

फालसा हे घरच्या बागेत सहज वाढणारे, काटक झुडूप आहे. त्याची वाटाण्याएवढी, जांभळी, आंबटगोड फळे उन्हाळ्यात सरबतासाठी वापरतात. फळ इतके नाजूक की तोडल्यावर एक-दोन दिवसांतच खराब होते. म्हणून हे झुडूप दारातच लावलेले उत्तम.

पिकलेल्या फळांतील ताज्या बियांपासून रोपे तयार होतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला, पाणी न साचणाऱ्या उन्हाच्या जागी, शेणखत घातलेल्या खड्ड्यात रोप लावावे. दोन झुडपांत अडीच ते तीन मीटर अंतर ठेवावे.

फालशाला फुले-फळे येतात ती नव्या फुटीवर, पानांच्या बेचक्यांत. त्यामुळे दरवर्षी छाटणी हवीच. डिसेंबर-जानेवारीत पानगळीनंतर झुडूप जमिनीपासून सुमारे एक मीटर उंचीवर धारदार कात्रीने छाटावे. वाळलेल्या व एकमेकींत गुंतलेल्या फांद्या मुळाशी काढाव्यात. नंतर खत आणि पाणी दिले की जोमदार फूट येते. एप्रिलपासून फळे पिकू लागतात. ती एकदम पिकत नाहीत, म्हणून दर एक-दोन दिवसांनी जांभळी झालेली तेवढीच वेचावीत.