डिस्टिल्ड वॉटर कोण घालणार?

लखनौच्या अलीगंजात गच्चीवर सोलर बसवून दिलं की थोड्याच दिवसांत त्या घरून तक्रारीचा फोन येतो. लाइट गेली की सोलरही बंद पडतं, मग एवढे पैसे कशाला घातले? तक्रार खरी आहे. 2024च्या फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला केंद्राचं 78,000 रुपये अनुदान मिळू लागलं आणि लखनौच्या गच्च्यांवर निळ्या-काळ्या काचा दिसू लागल्या. पण या योजनेतल्या बहुतेक घरांत बॅटरी नसतेच. दिवसा जास्तीची वीज तारेत जाते, रात्री तारेतून परत घ्यायची, हिशेब मीटर ठेवतो. तारेतली वीज गेली की इन्व्हर्टरने स्वतःहून बंद पडायचं, असा नियमच आहे. नाहीतर दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या लाइनमनला तुमच्या गच्चीवरचा करंट बसेल.

माझा धंदा आणि घर लखनौत, मूळ गाव नंदुरबार जिल्ह्यातलं शहादा. पुष्पकने भुसावळ आणि तिथून सुरत लाइनची गाडी, असा गावी जायचा रस्ता. शहाद्याच्या ओळखीतूनच अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या उपकेंद्राचं काम आलं. देणगी एका मित्रमंडळाची, अंगमेहनत गावाची, डोकं माझं. तिथे तार पोचलेली आहे. पावसाळ्यात घाटात झाड पडलं की ती तार नुसती लोंबकळते, आणि सातपुड्यात झाडं पडायला जून लागला की पुरे.

मैदानात पाच हजार लोकांमागे एक आरोग्य उपकेंद्र असावं असा सरकारी निकष आहे, डोंगराळ आणि आदिवासी भागात तीन हजारांमागे. कागदावर ही सवलत वाटते. पण ते तीन हजार लोक दहा-बारा पाड्यांवर विखुरलेले असतात आणि अडलेली बाई बांबूला बांधलेल्या झोळीतून येते. नंदुरबारकडे त्या झोळीला 'बांबूलन्स' म्हणतात. ती रात्री पोचली तर बाळंतपण टॉर्चच्या उजेडात. सिस्टर सांगत होत्या, टाका घालताना मोबाइल धरून उभी राहिलेली आशाताई झोपेने पेंगली की उजेड हलतो.

अशा कामात पॅनल चढवणं हा सगळ्यांत सोपा भाग. अवघड भाग त्याच्या आधी, वही उघडून बसण्याचा असतो. कुठली वस्तू, किती वॅटची, दिवसातून किती तास. नऊ वॅटचे सहा दिवे, कमी वीज खाणारे तीस वॅटचे दोन पंखे, नेब्युलायझर, सक्शन मशीन. लस इथे साठवतच नाहीत. ती प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या फ्रिजमधून बर्फाच्या डब्यात येते आणि त्याच दिवशी संपते, म्हणून फ्रिज वगळला. एवढं सगळं दिवसाला एक-सव्वा युनिटात बसलं.

मग सिस्टरने कोपऱ्यातल्या वॉर्मरकडे बोट केलं. नवजात बाळाला ऊब देणारं ते यंत्र सहाशे वॅटच्या आसपास खातं. चार तास चाललं तर जवळपास अडीच युनिट, म्हणजे बाकीचं अख्खं उपकेंद्र दोन दिवसांत जेवढं जाळतं तेवढं. यादीत पाणी उकळायचा दीड हजार वॅटचा स्टरिलायझरही होता. तो मी सरळ खोडला, ते काम गॅसवर होतं. वॉर्मर खोडायचा अधिकार मला नव्हता. सिस्टर म्हणाल्या, "भाऊ, धडधाकट बाळ आईच्या छातीशीच ठेवायचं असतं, तिथंच ते ऊब धरतं. पण कमी वजनाचं निघालं तर मला मशीन पाहिजेच, रात्रीचे दोन वाजले असले तरी." सगळा आराखडा या एका वाक्यावर ठरला. दिवे-पंख्यांची लाइन वेगळी काढली आणि वॉर्मरची वेगळी. बॅटरी खाली जायला लागली की आधी पंखे बंद पडतील, वॉर्मर शेवटी.

दोन किलोवॅटची पॅनल उन्हाळ्यात दिवसाला आठेक युनिट देतात. श्रावणात ढग बसले की अडीच-तीनवर समाधान मानायचं. म्हणून बारा व्होल्टच्या, दीडशे अँपिअर-अवरच्या चार ट्युब्युलर बॅटऱ्या. एकूण साठा सात युनिटांचा, त्यातला निम्माच वापरायचा. रोज तळापर्यंत रिकामी केलेली बॅटरी लवकर मरते. एकेक बॅटरी साठ किलोच्या घरात. गाडी थांबली तिथून पुढची चढण पोरांनी त्या बांबूवर टांगून नेल्या, ॲसिड सांडू नये म्हणून उभ्याच्या उभ्या. पाठीमागून मी नुसता "हळू, हळू" करत होतो.

पॅनलचं तोंड दक्षिणेला आणि कल अक्षांशाएवढा, हा ढोबळ नियम. लखनौत सत्तावीस अंश, इथे बावीस. पण दक्षिणेला टेकडी असली तर नियम गुंडाळून ठेवायचा. डिसेंबरात सूर्य खाली उतरतो तेव्हा टेकडीची सावली कुठवर येते हे गावातल्या म्हाताऱ्याला विचारावं. मोबाइलवरच्या ॲपपेक्षा त्याचं उत्तर मला जास्त पटतं. पॅनलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी त्याची एक तृतीयांश वीज जाऊ शकते. अर्थिंगला तर काळ्या कातळाने रडवलं. पहार लागली की ठिणगी. शेवटी मोरीचं पाणी जिरतं तिथली ओली जागा सापडली आणि पट्टी तिथे पुरली. वायरी लोखंडी पाइपातून नेल्या, कारण वानरं. हा धडा अलीगंजचा. तिथल्या जुन्या हनुमान मंदिराचा ज्येष्ठातल्या मंगळवारी एवढा मोठा उत्सव असतो की माकडांविरुद्ध ब्र काढायची सोय नाही.

गावाशी वाद झाला तो मोबाइल चार्जिंगवरून. दवाखान्यात वीज आली म्हटल्यावर पाड्यावरचे मोबाइल तिथे येणारच. नाही म्हणायचं तर त्याच लोकांनी बॅटऱ्या वर आणलेल्या. मग ओट्यावर एक छोटं स्वतंत्र पॅनल आणि त्याला चार्जिंगचा बोर्ड, आतल्या बॅटरीशी संबंध नाही. माझ्या मते त्या कामात सगळ्यांत शहाणपणाचा खर्च हाच झाला.

वीज नसताना दवाखाना चालतो, हे आपल्याकडे हेमलकशाने दाखवलं आहे. 1973 साली बाबा आमट्यांनी लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला आणि प्रकाश व मंदाकिनी आमटे यांनी तिथे कित्येक वर्षं कंदिलाच्या उजेडात उपचार केले. पण प्रत्येक उपकेंद्राला आमटे मिळणार नाहीत, दिवा तरी मिळावा. छत्तीसगडच्या 'क्रेडा' या सरकारी संस्थेने 2012 ते 2016 या काळात 570 प्राथमिक आरोग्य केंद्रांवर प्रत्येकी दोन किलोवॅटचं सोलर बसवलं. 2017च्या एका अभ्यासात असं दिसलं की विजेची टंचाई असलेल्या बिनसोलर केंद्रांपेक्षा या केंद्रांत महिन्याला जवळजवळ दुप्पट बाळंतपणं होत होती. सगळं श्रेय पॅनलला देता येणार नाही. जिथे डॉक्टर टिकतो तिथे बायका येतात. पण उजेड आणि पंखा असला तर डॉक्टरही टिकतो.

बंद पडलेली सोलर मी पुष्कळ पाहिली आहेत. पॅनल ठणठणीत, पंचवीस वर्षं टिकणारी. मेलेली असते ती बॅटरी. ट्युब्युलर बॅटरीत दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं. बोअरचं घातलं तर क्षार प्लेटांवर बसतात. बॅटरीच्या झाकणावर तरंगता निर्देशक असतो, तो खाली गेला की पाणी कमी. हे सिस्टरना शिकवलं, पण सिस्टरची बदली होते. म्हणून ओट्याशेजारी राहणाऱ्या आणि गावातच राहणार असलेल्या एका बाईंनाही शिकवलं, आणि चार्जिंगच्या बोर्डावर प्रत्येक मोबाइलमागे दोन रुपये ठेवले. धडगावातून पाण्याचा कॅन त्यातून येतो. लिथियमची बॅटरी घेतली तर पाण्याची कटकट नाही, वजनही बरंच कमी. पहिला खर्च मात्र जास्त. पुढचं काम आलं तर मी देणगीदारांकडे तिच्यासाठी हट्ट धरीन.

दवाखान्याला सोलर द्यायचं मनात असेल तर जरूर द्या. फक्त एक किलोवॅट कमी द्या आणि ते पैसे दवाखान्याच्या नावाने बँकेत ठेवा. पाच-सहा वर्षांनी बॅटरी बदलावी लागेल, आणि तेव्हा पाटीवर नाव असलेलं कुणीही तिथे नसेल.