संगणक प्रक्रियकाचे शीतक
मेजावरील संगणकाच्या प्रक्रियकात निर्माण होणारी उष्णता भोवतालच्या हवेत टाकणारी प्रयुक्ती. तिचे मुख्य भाग दोन : अनेक पातळ पत्रे असलेला धातूचा ठोकळा (व्यवहारातील नाव हीटसिंक) व त्या पत्र्यांमधून हवा खेळविणारा पंखा. मोटारसायकलच्या एंजिनावरील पत्रेदार कवच याच तत्त्वावर काम करते. १९८९ मध्ये प्रचारात आलेल्या इंटेल ८०४८६ या प्रक्रियकाला आरंभी पंख्याची गरज नसे. १९९३ मधील पेंटियमची उष्णता सु. १५ वॉटपर्यंत गेली आणि ठोकळा व पंखा ही जोडी रूढ झाली. २००४ च्या सुमारास पेंटियम ४ च्या काही प्रकारांनी १०० वॉटची पातळी ओलांडली, तर २०२२ मधील कोअर आय९-१३९००के हा प्रक्रियक पूर्ण भारावर २५३ वॉट शक्ती घेऊ शकतो. ही सर्व उष्णता टपाल तिकिटाहून लहान अशा सिलिकॉनच्या तुकड्यातून बाहेर काढावयाची असते.

प्रक्रियकाचे झाकण व ठोकळ्याचा तळ हे पृष्ठभाग डोळ्यांना सपाट दिसले, तरी त्यांच्यात सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि त्यांतील हवा उष्णतेची अत्यंत मंदवाहक असते. म्हणून मध्ये उष्णतावाहक लेपाचा थर देतात. लेपाची वाहकता धातूच्या मानाने पुष्कळच कमी असल्याने हा थर पातळच हवा. जाड थराने नुकसानच होते. तांब्याची उष्णतावाहकता ॲल्युमिनियमच्या सु. पावणेदोनपट आहे; परंतु त्याची घनता तिपटीहून अधिक असल्याने केवळ तळ तांब्याचा व पत्रे ॲल्युमिनियमचे, अशी रचना सोयीची ठरते. मोठ्या शीतकांत तळापासून पत्र्यांपर्यंत तांब्याच्या बंद नळ्या असतात. नळीतील थोडे पाणी कमी दाबामुळे अल्प तापमानालाच उकळते, वाफ पत्र्यांकडे जाऊन तेथे द्रवते व आतील सच्छिद्र अस्तरातून पाणी केशाकर्षणाने परत येते. अशा नळीला उष्णतानलिका हे नाव अमेरिकन शास्त्रज्ञ जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये दिले.

शीतकांची तुलना करताना प्रक्रियकाचे नुसते तापमान सांगणे निरर्थक होय. हवेचा कोणताही शीतक प्रक्रियकाला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त दोहोंतील फरक मर्यादित ठेवतो. दर वॉटमागे हा फरक किती अंशांनी वाढतो, त्यास औष्णिक रोध म्हणतात. उदा., १०० वॉट उष्णतेसाठी एका शीतकाचा एकूण रोध दर वॉटला ०·४५° से. व दुसऱ्याचा ०·२५° से. धरला, तर २५° से. तापमानाच्या खोलीत प्रक्रियक अनुक्रमे ७०° व ५०° से.पर्यंत तापेल. दोन्ही शीतक पुरेसे वाटतील. परभणी जिल्ह्यातील वालूरसारख्या (ता. सेलू) गावी मे महिन्यात दुपारचे तापमान ४२° से.पर्यंत सहज जाते. संगणकाच्या पेटीतील हवा आणखी ८° से.नी उष्ण धरल्यास हेच आकडे ९५° व ७५° होतात. बहुतेक आधुनिक प्रक्रियकांची मर्यादा ९० ते १००° से. असते, ती गाठताच प्रक्रियक स्वतःची गती घटवितो. थंड प्रयोगशाळेत जवळपास समान भासलेल्या दोन शीतकांतील खरा फरक मराठवाड्याच्या उन्हाळ्यात असा उघड होतो. पेटीतील उष्ण हवा बाहेर पडण्याची वाट नसेल, तर महागडा शीतकही तीच हवा फिरवीत राहतो.

पंखा निवडताना आकार महत्त्वाचा. वेग दुप्पट केला, तर हवेचा प्रवाह सु. दुप्पट, पण लागणारी शक्ती आठपट होते आणि आवाजही पुष्कळ वाढतो. त्यामुळे तेवढीच हवा देणारा १२० मिमी.चा सावकाश फिरणारा पंखा ८० मिमी.च्या वेगवान पंख्याहून शांत असतो. उभ्या मनोऱ्यासारखे शीतक हवा पेटीच्या मागील बाजूस ढकलतात व सामान्यतः अधिक कार्यक्षम असतात. खाली वारा घालणारे बुटके शीतक मात्र प्रक्रियकाभोवतालच्या घटकांनाही थंड ठेवतात व अरुंद पेटीत मावतात. मोठ्या मनोऱ्याचे वजन १ किग्रॅ.हून अधिक भरते. खडबडीत रस्त्याने नेताना मुख्य फलकावर ताण येऊ नये म्हणून संगणक आडवा ठेवणे इष्ट.

कापसाच्या प्रदेशात धुळीबरोबर तंतूही उडतात व पत्र्यांच्या तोंडाशी नमद्यासारखा थर धरतात. अशा ठिकाणी अगदी दाट पत्र्यांपेक्षा विरळ पत्र्यांचा शीतक दीर्घकाळ चांगला चालतो, कारण तो ब्रशाने सहज साफ होतो. साफ करताना पंखा बोटाने धरून ठेवावा. खोलीत पाण्याचा कूलर लावल्यास कोरड्या एप्रिल-मेमध्ये हवेचे तापमान बरेच उतरते व त्याचा लाभ प्रक्रियकालाही मिळतो. तुषार मात्र संगणकावर येता कामा नयेत. पावसाळी दमट हवेत हा उपाय जवळजवळ निष्फळ ठरतो.

याहून अधिक उष्णतेसाठी द्रवाचा अवलंब करतात. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत २०१९ मध्ये बसविण्यात आलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात पाणी थेट प्रक्रियकावरील धातूच्या पट्टीतून वाहते. मेजावरील संगणकासाठीही पंप असलेले बंद द्रवशीतक मिळतात; तथापि त्यांतील उष्णता अखेरीस पत्रे व पंखा यांच्या द्वाराच खोलीच्या हवेत सोडावी लागते, शिवाय पंप हा बिघडू शकणारा आणखी एक भाग ठरतो. ज्या गावी दुरुस्तीची सोय दूर आहे, तेथे पंखा बंद पडल्यास कोणत्याही दुकानातील त्याच मापाचा पंखा बसविता येईल असा साधा शीतक अधिक उपयुक्त होय.