जेऊर सापडलं नाही तर?

सोलापूर जिल्ह्यात जेऊर दोन. एक करमाळा तालुक्यातलं, रेल्वे स्टेशनचं, दुसरं अक्कलकोटकडचं. समजा, पायथनमधून एसक्यूलाइटच्या डेटाबेसला 'जेऊर' विचारलं. उत्तर आणणारं फेचवन हे फंक्शन एकच ओळ देतं, कोणत्या जेऊरची ते नशीब. आणि कुणी ऱ्हस्व 'जेउर' टाइप केलं, तर हाती येतं 'नन', म्हणजे काहीच नाही. त्यातून तालुका काढायला गेलात की प्रोग्रॅम आडवा!

2015 च्या पायथन 3.5 पासून आपल्या फंक्शनवर रीतसर पाटी लावता येते: 'ओळ मिळेल किंवा नन'. पायथन स्वतः ती पाळायला लावत नाही, हे गमतीचं. पण मायपाय हा तपासनीस प्रोग्रॅम चालवण्याआधीच हटकतो: नन आलं तर काय कराल? दोन जेऊरांचा घोळ मात्र त्याला दिसत नाही. तिथे तालुकाच विचारावा लागतो.