गाडीचा एसी मंदावलाय? आधी फिल्टर काढून बघा

एसीचा वारा कमी झाला की लोक थेट गॅस भरायला धावतात. थांबा! गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झालाय म्हणजे कुठेतरी गळतोय, आणि गळती न शोधता भरलात तर पुन्हा उडून जाणार.

आधी ग्लोव्ह बॉक्स उतरवा. बऱ्याच गाड्यांत त्यामागेच केबिन फिल्टर असतो. मी परवा काढला तर धुळीने काळाठिक्कर, घड्यांत पिंपळाची वाळकी पानं! नवा बसवताना हवेच्या दिशेचा बाण बघा.

मग इंजिन गार असताना रेडिएटरपुढचा कंडेन्सर नळाच्या साध्या धारेने धुवा. जोराच्या फवाऱ्याने त्याच्या नाजूक पत्र्या वाकतात.

गॅसच्या नळ्या मात्र घरी खोलू नका. आर-१३४ए हा एसीचा गॅस उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. अंगावर उडाला तर कातडी गोठते.