आमचा रविवार शुक्रवारी येतो!

रविवारची सकाळ म्हटली की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? थोडं उशिरा उठणं, पोह्यांचा खमंग वास, पेपरच्या पुरवण्यांची पळवापळवी, मुलांच्या मागे 'आवर आवर' म्हणून लागायला नको... माझी रविवारची सकाळ सांगू? पाच वाजता गजर, चार डबे, सव्वासहाला गाडीत आणि सात वाजता सातवीच्या वर्गात 'गुड मॉर्निंग मॅम'चा कोरस! होय, रविवारीच.

मी मस्कतमधल्या एका भारतीय शाळेत गणित शिकवते. 2017 साली ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही ओमानला आलो. मुलगी तेव्हा तिसरीत होती आणि धाकटा बालवाडीत. पहिल्याच आठवड्यात मी त्याला पहाटे उठवलं, तर पांघरूण डोक्यावर ओढून म्हणाला, "अगं आई, आज रविवार आहे!" काय सांगणार त्याला? इथे आठवडा रविवारी सुरू होतो. सुट्टी शुक्रवार-शनिवार. शुक्रवार हा दुपारच्या मोठ्या नमाजाचा दिवस, म्हणून तो सुट्टीचा. पूर्वी इथे गुरुवार-शुक्रवार सुट्टी असायची, मे 2013 पासून ती शुक्रवार-शनिवार झाली. शेजारच्या अमिरातीने तर 2022 च्या जानेवारीपासून शनिवार-रविवार सुट्टी केली. त्यामुळे दुबईला राहणाऱ्या माझ्या नणंदेची आणि माझी सुट्टीही पूर्ण जुळत नाही.

आपलं कॅलेंडर भिंतीवर आहेच, पण ते लाल रंगात सुट्टी दाखवतं तेव्हा आम्ही कामावर असतो. गणपतीतला एखादा कार्यक्रम, हळदीकुंकू, कोजागिरी, सगळं जवळच्या शुक्रवारी सरकवायचं. 'तिथी टळली तरी चालेल, सुट्टी टळायला नको' असं इथल्या मराठी बायका हसत म्हणतात.

पहिली दोन वर्षं सुट्टी कशी जायची, ते आता आठवलं तरी हसू येतं, आणि थोडं वाईटही वाटतं. गुरुवारी घरी येताना माझ्यासोबत वह्यांचे दोन गठ्ठे असत. इथे धुणं-भांड्याला बाई नाही. आठवड्याचे कपडे, इस्त्री, रुवीतल्या दुकानांतून भाजी-किराणा, इडलीचं पीठ, आणि उरलेल्या वेळात वह्या. हे मुलांना घेऊन कुरुमच्या समुद्रावर जायचे. मी म्हणायची, "तुम्ही व्हा पुढे, एवढ्या पाच वह्या राहिल्यात." पाचाच्या पंचवीस व्हायच्या! एका शुक्रवारी आईचा फोन आला. मुलीने घेतला आणि सरळ सांगितलं, "आई शाळेत आहे गं आजी." मी पलीकडच्या खोलीत बसले होते! ती खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी मी खरंच शाळेत होते.

त्या दिवशी नियम केला. गुरुवारी शाळा सुटल्यावर दोन तास तिथेच थांबायचं, वह्या संपवायच्या, पण घरी आणायच्या नाहीत. कपड्यांचं यंत्र ह्यांनी लावायचं, घड्या मुलांनी घालायच्या. हे सुरुवातीला जरा कुरकुरले. पांढऱ्या शर्टात लाल मोजा एकदा गेला आणि आठवडाभर आमच्या घरात सगळे गुलाबी! पण जमलं हळूहळू.

मग शुक्रवार खराखुरा सुट्टीचा झाला. उन्हाळ्यात इथे बाहेर पडायची सोयच नाही, पारा पंचेचाळीसपर्यंत जातो. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कशी छान! अशाच एका शुक्रवारी आम्ही पहाटे निघून निझवाला गेलो. मस्कतपासून दीड-पावणेदोन तासांचा रस्ता, दोन्ही बाजूंना उघडेबोडके तपकिरी डोंगर. शुक्रवारी सकाळी तिथे जनावरांचा बाजार भरतो. शेळ्या, मेंढ्या, गाई दोरीला धरून मालक गोल गोल फिरवतात आणि भोवती उभे असलेले लोक ओरडून भाव करतात. तोंडावर मुखवट्यासारखं कापड बांधलेल्या बदाऊन बायकाही भाव करायला मागे नसतात. मला तर आमच्या बार्शीचा बाजारच आठवला. भाषा कळत नव्हती, पण शेळीचा दात बघून नाक मुरडणारं गिऱ्हाईक कुठल्याही देशात ओळखू येतं!

निझवाचा किल्ला सतराव्या शतकातला. त्याचा गोल बुरूज एवढा अवाढव्य की मुलं वर चढून दमली. पण मला खरं आवडलं ते किल्ल्यानंतरचं ठिकाण, फलज दारिस. फलज म्हणजे पाण्याचा पाट. डोंगराच्या पायथ्याचं पाणी उताराने वाहत खजुराच्या बागांपर्यंत येतं. पंप नाही, वीज नाही. 2006 साली युनेस्कोने ओमानमधल्या अशा पाच फलजांना जागतिक वारसा म्हटलं, त्यातला हा एक. पाटाच्या कडेला ओमानी कुटुंबं चटया टाकून बसली होती. शेजारच्या चटईवरच्या आजीबाईंनी मुलांच्या हातावर खजूर ठेवले, आम्हाला वेलदोड्याची कडू कॉफी दिली. मी डब्यातल्या दशम्या पुढे केल्या. त्यांनी एक घेतली, वास घेतला आणि मान डोलावली.

फलजचं पाणी वाटायची रीत ऐकून मात्र मी थक्क झाले. पाणी मापाने नाही, वेळेने वाटतात. प्रत्येकाची पाळी ठरलेली. पूर्वी दिवसा काठीच्या सावलीवरून वेळ मोजत आणि रात्री ताऱ्यांवरून. पाळी आली की आपल्या बागेकडचं दार उघडायचं, वेळ संपली की बंद. त्या वेळेला जो हजर नाही, त्याची बाग पुढच्या पाळीपर्यंत कोरडी! माझे वडील शेतकरी. कॅनॉलच्या पाण्याच्या पाळीसाठी रात्री-बेरात्री कंदील घेऊन जाणारे बाबा मला त्या पाटाशी आठवले.

आणि ही पाळीची गोष्ट पुढे मला वेगळ्याच कारणाने आठवली.

2022 चा सप्टेंबर. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. आई बार्शीला एकटी होती. एका शुक्रवारी ती न्हाणीघरात घसरली. हाड मोडलं नाही, पण सगळे घाबरले. दादा पुण्याहून आला, ताई सोलापूरहून. सगळ्यांना सवड रविवारी, म्हणून रविवारी बसले. मी त्या वेळी सातवीला अपूर्णांकांचा भागाकार शिकवत होते. शाळेत फोन कपाटात ठेवावा लागतो. दोन वाजता काढला तर सात मिस्ड कॉल! पोटात गोळाच आला. दादाला फोन लावला. तो गाडीत बसून परतीला निघाला होता. म्हणाला, "अगं, तुला किती फोन केले! आईला पुण्याला न्यायचं ठरलंय. घराला गिऱ्हाईकही आहे, दिवाळीपर्यंत उरकून टाकू."

मी दादाला दोष देणार नाही. आईचं औषधपाणी, दवाखाना, सगळं तोच बघतो. मी लांबून नुसती काळजी करणारी. पण फोन ठेवल्यावर शाळेच्या पार्किंगमध्ये मी बराच वेळ बसून राहिले. ज्या घरात मी वाढले ते घर माझ्या तासिकेच्या चाळीस मिनिटांत मोडीत निघालं होतं! कुणी मला मुद्दाम डावललं नव्हतं. माझी पाळी आली, तेव्हा मी पाटावर नव्हते, एवढंच.

तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. सुट्टीचा दिवस नुसता लोळायचा, फिरायचा नसतो. घरातलं सगळं महत्त्वाचं बोलणं त्याच दिवशी होतं. स्थळं, जमिनी, म्हाताऱ्या माणसांची व्यवस्था, भावाभावांचे रुसवे, सगळं 'रविवारी बसून बोलू' यावर येतं. जिचा रविवारच वेगळा, ती हळूहळू त्या बोलण्यातून गळते. पाच वर्षं मी आपला नवा शुक्रवार सजवण्यात रमले होते, आणि तिकडचा रविवार हातातून गेल्याचं मला कळलंही नव्हतं.

रात्री वहीच्या मागच्या पानावर दोन गोल काढले, शाळेत बाईंनी संच शिकवताना काढायला लावायच्या तसे. एका गोलात माझे दिवस, शुक्रवार आणि शनिवार. दुसऱ्यात दादा-ताईचे, शनिवारची संध्याकाळ आणि रविवार. दोन्ही गोलांत सामाईक काय? शनिवारची संध्याकाळ! इतकं सोपं उत्तर, आणि गणिताच्या बाईंना पाच वर्षं दिसलं नाही.

दादाला म्हटलं, "मला वेगळं काही नको. फक्त येत्या शनिवारी इथल्या पाच वाजता, म्हणजे तुमच्या साडेसहाला, अर्धा तास सगळे फोनवर या. घर विकायचं असेल तर विकू. पण एकदा आईच्या तोंडून ऐकू." तो आधी म्हणाला, "आता परत कशाला उकरून काढतेस?" मग म्हणाला, "बरं."

त्या शनिवारी आई बोलली. रविवारी ती गप्प होती म्हणे, कारण ती सगळ्यांना चहा-पोहे करत होती! म्हणाली, "न्हाणीतली ती गुळगुळीत फरशी बदला, धरायला दांडी लावा. रात्री सोबतीला शेजारची सखू येईल. पावसाळ्यात मी पुण्याला येते हवं तर. पण घर मी असेतो विकू नका." दोन-तीन मिनिटं कुणीच काही बोललं नाही. मग दादाच म्हणाला, "फरशीवाल्याला मी उद्या फोन करतो." खर्च तिघांत वाटला. आजही आई चार महिने पुण्याला आणि आठ महिने बार्शीला असते.

सगळं कायमचं सुटलं असं मी म्हणणार नाही. तिचं वय वाढतंय. पुढेमागे तिला पुण्याला जावंच लागेल आणि घराचंही बघावं लागेल. पण ते जेव्हा ठरेल, तेव्हा शनिवारी ठरेल, आणि ती पोहे करत नसेल.

मैत्रिणींनो, परदेशातच जायला हवं असं नाही. कुणाचे यजमान फिरतीवर, कुणाची लेक पुण्यात आयटीत, कुणाच्या गावात बाजाराच्या दिवशी दुकानं उघडी आणि सोमवारी बंद. प्रत्येकाची सुट्टी वेगळी. एकदा कागदावर गोल काढून बघा. अर्धा तास तरी सामाईक निघतोच.

आज शनिवार. निझवाहून आणलेले खजूर डब्यात आहेत, हे इस्त्री करताहेत, धाकटा आता आठवीत, पण घड्या अजून तशाच वेड्यावाकड्या! पाच वाजायला दहा मिनिटं आहेत. मुलीने फोन भिंतीला टेकवून ठेवलाय. उद्या रविवार, म्हणजे पहाटे पाचला गजर आहेच. भिजवलेले मूग तेवढे उपसून ठेवते आणि येऊन बसते.